मदत हवी आहे: विद्यार्थिनीचे इंग्रजी उच्चार फोनवर समजत नाहीत (तातडीचे)

भांडुपची_बाई
भांडुपला घरीच इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. एका विद्यार्थिनीचे उच्चार कामावर समजत नाहीत म्हणून तिला रोज बोलणी बसतात. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आरशासमोर घोटून घेतले आहेत. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू आणि दात लांब. सुटे शब्द छान म्हणते, तरी तक्रार तशीच. सोमवारी तिचे कॉल पुन्हा तपासणार आहेत. काय करू? 'इंग्रजी सिनेमे बघा' कृपया सांगू नका, ते करून झालंय.

गोरेगाव_पूर्व
रोज सकाळी इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायला लावा. मी तसाच शिकलो. सहा महिन्यांत जीभ वळते.

भांडुपची_बाई
सोमवार म्हटलंय मी.

स्वरदा
ताई, मातृभाषा कोणती? काम काय, ऐकणारे कुठले? आणि नेमका कोणता शब्द समजत नाही? 'उच्चार समजत नाहीत' एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

भांडुपची_बाई
मराठीच की. मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. शब्द असा एक नाही, सगळंच.

नाना_गिरगाव
पाया कच्चा असेल तर उच्चारांवर मेहनत व्यर्थ. आधी काळ पक्के करून घ्या. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असं ऐकलं की समोरचा पुढचं ऐकतच नाही.

स्वरदा
नाना, व्याकरणाचं त्यांनी विचारलेलंच नाही.

मुलुंडचा_मध्या
मराठी माध्यमाचा उल्लेख कशासाठी? माझ्या ऑफिसात इंग्रजी माध्यमातली मुलंही 'व्हाइन' आणि 'वाइन' सारखंच म्हणतात. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. प्रश्न माध्यमाचा नाही, बाईंनाच कुणी ध्वनी शिकवले नाहीत हा आहे.

गोरेगाव_पूर्व
आणि भारतीय उच्चारांत वाईट काय आहे? फ्रेंच माणूस आपल्या ढंगात इंग्रजी बोलतो, त्याला कुणी सुधारायला जात नाही.

स्वरदा
ढंग राहू दे, मलाही तो प्रिय आहे. पण फोनवरच्या माणसाला अक्षर चुकीचं ऐकू येत असेल तर ते दुरुस्त करायलाच हवं. ताई, कामाचं सांगा ना.

भांडुपची_बाई
विमानाच्या तिकिटांचं. रात्रपाळी, मालाडला. इंग्लंड-अमेरिकेतले प्रवासी फोन करतात. ही बुकिंगचा सहा अक्षरी कोड सांगते, ते भलताच लिहून घेतात. पी सांगितला की बी लिहितात. पण पी तर ती स्वच्छ म्हणते! म्हणून माझं लक्ष व्हीवरच होतं.

ध्वनिवेडा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. दोष नेमका पीमध्येच आहे. आपल्या कानाला तो स्वच्छ वाटतो कारण आपण मराठी 'प' म्हणतो, त्यात हवा सुटत नाही. इंग्रजांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के या ध्वनींबरोबर हवेचा झोत येतो. पी आणि बी ते बऱ्याच अंशी त्या झोतावरूनच ओळखतात. झोत नाही म्हणजे बी. तसाच टीचा डी होतो आणि 'के'ने सुरू होणारे शब्द 'जी'चे वाटतात.

उपाय: तोंडासमोर टिश्यूपेपरची पट्टी धरा. 'पी' म्हणताना ती उडाली पाहिजे, 'बी'ला जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. फक्त 'फी म्हण' असं सांगू नका. मुंबईतल्या मुलांचा फ दात लावून येतो, म्हणजे पीचा थेट एफ होईल. 'ओठ घट्ट मिटून प, मग ह' असं सांगा. टीला ठकडे, केला खकडे झुकू द्या. एसनंतर मात्र झोत नको: स्पीक, स्टॉप, स्काय आपण म्हणतो तेच बरोबर आहेत. नव्याने शिकलेल्या मुली उत्साहात 'स्फीक' म्हणतात, तिकडे लक्ष ठेवा.

रात्रपाळी_दहा_वर्षं
सोमवारपर्यंत हे जमणार नाही. मी याच धंद्यात आहे. अक्षरं सुटी सांगायचीच नाहीत. पापा, ब्राव्हो, टँगो, डेल्टा, व्हिक्टर, व्हिस्की. वैमानिकांची ही यादी 1956 पासून जगभर चालते. एका रात्रीत पाठ होते.

ध्वनिवेडा
पण नाव, गाव, तारीख? तिथे पापा-टँगो चालत नाही. झोत शिकवावाच लागेल.

रात्रपाळी_दहा_वर्षं
शिकवा ना सावकाश. आधी नोकरी वाचवा.

भांडुपची_बाई
व्हिक्टर आणि व्हिस्कीत पुन्हा तोच घोळ होणार.

रात्रपाळी_दहा_वर्षं
नाही होत. पहिला ध्वनी चुकला तरी उरलेला शब्द वेगळा आहे, ऐकणारा बरोबर ओळखतो. यादी त्यासाठीच तर केली.

कुर्ल्याची_आई
माझा मुलगा आठवीत आहे. 'नाइफ'मधला के म्हणायचा नाही, 'वेन्सडे'मधला पहिला डी म्हणायचा नाही, अशा शब्दांची यादी कुणाकडे आहे का?

नाना_गिरगाव
आमच्या वेळी मास्तर असे शब्द फळ्यावर लिहून पन्नासदा म्हणवून घेत. यादी शोधून टाकतो.

स्वरदा
कुर्ल्याच्या ताई, वेगळा धागा काढा, तिथे नक्की मदत करते.
भांडुपच्या ताई, आकडे तपासलेत का? थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी. तेरा सांगताना जोर 'टीन'वर, ई लांब, शेवटचा न ऐकू येईल असा. तीसला जोर 'थर्'वर. फक्त ओळीने आकडे म्हणवून घेऊ नका, मोजताना इंग्रजांचाही जोर शब्दाच्या पहिल्या भागावर सरकतो. सुटे सुटे विचारा. आणि रक्कम सांगून झाल्यावर 'वन थ्री' असं पुन्हा म्हणायची सवय लावा.

भांडुपची_बाई
आज तिला आतल्या खोलीत बसवून फोनवरून कोड सांगायला लावले. लिहून घ्यायला माझी आयर्लंडची वहिनी कॉलवर होती. पट्टीचा सराव केल्यावर पी आणि टी तिने जवळजवळ सगळे बरोबर लिहिले. खूप आभार. आता एफ आणि एस अडतंय. समोर बसून ऐकलं तर दोन्ही स्पष्ट आहेत!

ध्वनिवेडा
तो दोष तिचा नाही, तिला घोटवू नका. साधी फोनलाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झच पोहोचवते आणि एस-एफमधला बराचसा फरक त्याच्या वर असतो. इंग्रजांचाही हाच घोळ होतो.

रात्रपाळी_दहा_वर्षं
म्हणून फॉक्सट्रॉट आणि सिएरा. 'सि-ए-रा', मधल्या 'ए'वर जोर. सोमवारी कोडला यादी वापरू द्या, पट्टीचा सराव चालू ठेवा. आणि वहिनींना म्हणावं, एकदा गोंगाट असलेल्या जागेतून फोन लावा. शांत खोलीत सगळंच ऐकू येतं.