शब्दचर्चा : कर, उपकर, पट्टी, शुल्क, अधिभार

प्रश्न (जळगाव) : आमच्या गाळ्याच्या घरपट्टीच्या बिलात मालमत्ता कराखाली ‘शिक्षण कर’ आणि ‘रोजगार हमी कर’ अशा वेगळ्या ओळी असतात. बाजार समितीत शेतमालावर जे आकारतात त्याला सगळे ‘सेस’ म्हणतात, आणि आयकराच्या हिशेबात ‘उपकर’ येतो. हे सगळे एकच आहे काय?

उत्तर १ (धुळे) : एकच नाही. कर भरणाऱ्याला त्याच्या बदल्यात ठरावीक काही मिळेल, असे सरकार कबूल करत नाही. शुल्क मात्र एखाद्या सेवेशी बांधलेले असते. शिरूर मठाच्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. पुढच्या निकालांनी सेवा आणि रक्कम यांचा काटेकोर मेळ बसलाच पाहिजे ही अट सैल केली. उपकर (इंग्रजीत ‘सेस’) हा मुळात करच असतो, फक्त त्याचा खर्च कशावर व्हायचा ते आधी सांगितलेले असते. आपल्या बिलातल्या त्या दोन ओळी 1962 च्या शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियमातून आल्या आहेत. वसुली महापालिका करते, पण पैसा राज्याचा असतो. रोजगार हमीचा भार बिगरनिवासी मालमत्तेवर असल्याने तो गाळ्याच्या बिलात दिसतो, राहत्या घराच्या बिलात दिसत नाही.

उत्तर २ (अमळनेर) : बाजार समितीतला ‘सेस’ हा नावापुरताच सेस आहे. 1963 च्या पणन कायद्याप्रमाणे ती बाजार फी, म्हणजे शुल्क आहे आणि ती खरेदीदाराने द्यायची असते. तरीही, कापूस किंवा मका विकून आलेला शेतकरी अडत्याने दिलेल्या पट्टीवरच्या कपातीच्या रकान्यांवर बोट ठेवून ‘यात सेस कुठला?’ असे विचारतो, तेव्हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. इथे ‘पट्टी’ म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, घरपट्टीतली पट्टी नव्हे.

उत्तर ३ (धुळे) : ‘उपकर’ हा शब्द अलीकडचा असला तरी कल्पना जुनी आहे. पेशवाईत सरकारी कर्ज फेडण्यासाठी बसवलेल्या जादा आकारणीला ‘कर्जपट्टी’ म्हणत. मिरासदारांकडून, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्यांकडून, घ्यायची ती मिरासपट्टी. कर्जपट्टीत तर पैसा कुठे जाणार हे नावातच होते! त्यामुळे सेसला ‘पट्टी’ म्हणणे मला अधिक मराठी वाटते, पण सरकारी परिभाषेने ‘उपकर’ स्वीकारला आहे आणि आता तो बदलणे नाही.

प्रश्न (जळगाव) : मग अधिभार?

उत्तर १ (धुळे) : अधिभार म्हणजे कराच्या रकमेवर चढवलेला आणखी कर. तो कोणत्याही एका कामाला बांधलेला नसतो. राज्यांच्या दृष्टीने मात्र उपकर आणि अधिभार यांत फारसा फरक पडत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 270 नुसार केंद्राचे हे दोन्ही राज्यांना वाटून द्यायच्या रकमेतून वगळलेले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा 41 टक्के सुचवला, तो उरलेल्या करांमधला. आयकरावरचा शिक्षण उपकर 2004 साली 2 टक्के होता. 2018 पासून तो आरोग्य व शिक्षण उपकर या नावाने 4 टक्के झाला आहे. करदात्याला ती बिलातली एक ओळ वाटते. पण तेवढीच रक्कम मूळ करात मिसळून घेतली असती, तर तिच्यातला हिस्सा महाराष्ट्रालाही मिळाला असता.