जुना स्पीडमास्टर घेऊन बुटीकच्या मेळाव्याला जावं का?

केसकमान
स्पीडमास्टर म्हणजे ओमेगाचं स्टॉपवॉचवालं मनगटी घड्याळ. ओमेगाच्या बुटीकमध्ये स्पीडमास्टरवाल्यांचे मेळावे भरतात. कॉफी असते, नवी मॉडेलं हाताळायला मिळतात, एखादवेळी टाइमग्राफरही (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) मांडलेला असतो. नवं घड्याळ घेणाऱ्याने जरूर जावं. जुन्याच्या जाणकारांनी मात्र आपला अड्डा बाहेरच ठेवावा.

जुन्या घड्याळात जे तपासायचं ते तिथल्या झगझगीत दिव्यांखाली दिसतच नाही. तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' असेल तर लुम (अंधारात उजळणारा लेप) ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. १९६८ सालचे काटे आज रात्रभर उजळत असतील तर लुम नंतर भरलंय, विषय संपला. यूव्ही टॉर्च मारली की मूळ लुम फार तर क्षणभर चमकतं आणि टॉर्च हटवताच विझतं. तबकडी आणि काटे वेगवेगळे वागले तर दोन्हींपैकी काहीतरी बदललेलं. याला अंधार लागतो आणि दहापट भिंग. बुटीकचे दिवे कोण घालवणार?

लोलक
अंधाराचं मान्य, बाकी नाही. बाहेरच्या अड्ड्यावर काय होतं? हॉटेलच्या टेबलावर घड्याळं हातोहात फिरतात, अंगठ्या कुणी काढत नाही आणि हेसलाइटवर (काचेच्या जागी असलेल्या प्लास्टिकवर) ओरखडे उठतात. ते प्लास्टिक पॉलिशने निघतात (बेझलला, म्हणजे भोवतीच्या आकड्यांच्या कड्याला, आधी टेप लावा, नाहीतर काळा रंग जातो), पण केसवरचे, म्हणजे धातूच्या कवचावरचे, निघत नाहीत. बुटीकमध्ये निदान मऊ ट्रे असतो.

शिवाय १८६१ (जुनं यंत्र) आणि ३८६१ (नवं यंत्र) असलेली घड्याळं शेजारी शेजारी ठेवायला मिळतात. चावी बाहेर ओढली की ३८६१ चा सेकंद काटा थांबतो, १८६१ चा थांबत नाही. पूर्ण चावी दिली की ३८६१ चालतं ५० तास, १८६१ चालतं ४८. हे वाचून कळतं, पण चावीचा फरक बोटांनाच कळतो.

केसकमान
आणि टाइमग्राफर? शोकेसमधलं घड्याळ पाच-सात वेळा चावी फिरवून मायक्रोफोनवर ठेवतात आणि अँप्लिट्यूड (आतल्या तोलचाकाच्या झोक्याचे अंश) २१० आला की खरेदीदार घाबरतो. अडेपर्यंत चावी द्या, दहा मिनिटं थांबा, मग तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली अशा किमान तीन स्थितींत प्रत्येकी अर्धा मिनिट बघा. तेव्हा आडवं २७० च्या पुढे आणि उभं त्याहून वीस-चाळीस अंश कमी, हे ठीक. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) चालू ठेवून मोजाल तर आकडा पडणारच.

लिफ्ट अँगल हा त्याहून मोठा घोळ. अँप्लिट्यूड काढायला टाइमग्राफरला हा कोन आधी सांगावा लागतो. ८६१ आणि १८६१ या यंत्रांना ५० अंश, टाइमग्राफर बहुधा ५२ वर लावलेला. खरा २८० असेल तर पडद्यावर २९१ दिसतो. चाल मात्र बदलत नाही. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते बरोबरच येतं.

लोलक
म्हणजे यंत्र नव्हे, वापरणारा चुकतो! तो बाहेरही चुकेल.

पाकीटमार
दोघेही पैशांबद्दल गप्प. मेळाव्याच्या भरात सोन्याचा मूनवॉच (स्पीडमास्टरच) बुक करणाऱ्यांनो, २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीवेळीच गोळा होणारा प्राप्तिकर) घेतो, आणि तो पूर्ण किमतीवर. १५ लाखांना १५ हजार. हा जादा कर नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. पण पॅन चुकीचा दिला तर तुमच्या नावच्या करजमा पत्रकात दिसणार नाही.

भिंगवाला
बुटीकमध्ये जुन्याला मान्यतेचा शिक्का मिळतो, असं समजणाऱ्यांसाठी. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चा एक स्पीडमास्टर (मॉडेल क्रमांक २९१५-१) ३१ लाख स्विस फ्रँकांवर गेला. घेणारं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. २०२३ मध्ये बाहेर आलं की तो वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेला, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं कंपनीने सांगितलं. घरच्यांनाच घर ओळखता आलं नाही, तर काउंटरवरच्या पोराकडून काय अपेक्षा?

लोलक
तो दोष काउंटरचा नाही. 'स्पीडी ट्यूजडे' हा मंगळवारी स्पीडमास्टर मिरवण्याचा ऑनलाइन उपक्रम चाहत्यांनी २०१२ मध्ये सुरू केला. २०१७ मध्ये ओमेगाने त्याच नावाची २,०१२ घड्याळं काढली आणि ती सव्वाचार तासांत संपली. चाहते आणि कंपनी एकमेकांशी बोलले म्हणूनच ना?

केसकमान
बोलायला ना नाही. पण गप्पांच्या ओघात 'सर्व्हिसला टाकूनच जा' म्हणाले की सावध. फॉर्मवर लेखी घ्या: तबकडी, काटे, बेझल आणि बटणं बदलू नयेत, केस पॉलिश करू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. ९० आकड्याच्या डोक्यावर ठिपका असलेलं जुनं बेझल काढून नवं बसवलं, की घड्याळ दिसायला चकचकीत आणि संग्राहकाच्या लेखी अर्धं. तोंडी 'हो सर' चालत नाही.

लोलक
हे पटलं. तरी नव्या बॅचला मी आधी बुटीकलाच पाठवीन. फक्त चुंबकाच्या झाकणाच्या बॅगेत १८६१ ठेवून नेऊ नका. केसकमानीचे (तोलचाकाच्या बारीक स्प्रिंगचे) वेढे चुंबकाने चिकटले की घड्याळ दिवसाला मिनिटांनी पुढे पळतं. चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर वापरलात तर घड्याळ हातभर लांब नेल्यावरच बटण सोडा.