चाक हवेत गेलं तर?

कुणीतरी लिहिलंय की एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जास्त जोर देणारा डिफरेन्शियल) असली की एक चाक अधांतरी असलं तरी गाडी निघते. नेहमी नाही निघत. साधा डिफरेन्शियल (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. चिखलातलं चाक १०० न्यूटन-मीटरला घसरलं की कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच. ३:१ बायसच्या (घसरणाऱ्या चाकाच्या तिपटीपर्यंत टॉर्क दुसऱ्याला देणाऱ्या) टॉर्सनमध्ये, म्हणजे गिअरवाल्या एलएसडीत, कोरड्या चाकाला ३०० पर्यंत मिळतो. पण चाक हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच! अशा वेळी ॲक्सिलरेटर धरून ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबा. गरगरणाऱ्या चाकाला अडकाव मिळतो, दुसरं चाक एक-दोनदा खडी उडवतं आणि पकड घेतं. क्लचवाल्या (घर्षणाच्या चकत्या असलेल्या) एलएसडीत स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे चकत्यांवर आधीपासूनच दाब, असल्याने थोडा टॉर्क तरी पोहोचतो. त्यात तेल मात्र फ्रिक्शन मॉडिफायरवालंच (चकत्यांचं घर्षण नरम करणारं रसायन मिसळलेलं) घाला, नाहीतर वळताना मागून कटकट ऐकू येते.