मदत हवी आहे: बी.एड.ची आंतरवासिता महापालिका शाळेच्याही उपयोगी पडावी, यासाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यातल्या एका अध्यापक महाविद्यालयात मराठी अध्यापन पद्धती शिकवते. यंदा आंतरवासितेची, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापिका ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गावरच्या एका महापालिका शाळेत जाणार आहेत आणि येत्या गुरुवारी तिथल्या मुख्याध्यापिकांबरोबर बैठक आहे. त्याआधी इथल्या अनुभवी लोकांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले २० आठवडे शाळेत घालवायचे असं ठरलं, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र. नेमून दिलेले सराव पाठ घ्यायचे, सह्या घ्यायच्या आणि निघायचं, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण आम्ही त्या सोळा आठवड्यांतही मनाने अजून पाठच मोजतोय.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला, आमच्या मुलींनी वर्गाला पेनं वाटली, फोटो झाले. मुख्याध्यापिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, मुली गुणी आहेत तुमच्या. पण तुमचे पाठ झाले की तो भाग आम्हाला पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मी स्वतः पाहिलं होतं. सातवीचा वर्ग, मी शेवटच्या बाकावर पाठ निरीक्षणाचा कागद घेऊन बसलेली. शेजारी बसलेल्या मुलावर प्रकट वाचनाची पाळी आली. पहिली दोन वाक्यं त्याने खडाखडा म्हटली, पण डोळे पुस्तकावर नव्हतेच, पुढच्यांचं ऐकून पाठ झाली होती. तिसऱ्या वाक्यात 'सूर्य' आला आणि तो म्हणाला, "सूयर". वर्ग हसला. आमची छात्राध्यापिका "शाबास, बस" म्हणून पुढे गेली, कारण पाठाच्या टाचणातले दोन मुद्दे राहिले होते आणि तास संपत आला होता. मी तिला चांगले गुण दिले. फलकलेखन उत्तम, प्रश्न नेमके, तक्ता सुंदर.

खिचडीच्या सुट्टीत मी त्या मुलाजवळ जाऊन बसले. त्याला र येत होता, य येत होता. रफार लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र त्याच्या आधी, एवढंच त्याला कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. तो जसं दिसतं तसं वाचत होता, आधी य, मग र. व्हरांड्याच्या फरशीवर खडूने 'सूर् + य' लिहून दाखवलं. मग वर्ग, गर्दी, कर्ज, दर्या. चारही शब्द त्याने स्वतः वाचले, आणि 'गर्दी' वाचल्यावर म्हणाला, "स्टेशनवर लिहिलेलं असतं ते." सगळी मिळून दहा मिनिटं लागली. आमच्या मूल्यमापनपत्रात या दहा मिनिटांना रकाना नाही.

आमच्याकडे असं धरून चालतात की सुरुवातीचं वाचन हे डी.एल.एड.वाल्यांचं, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका घेणाऱ्यांचं काम. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर प्राथमिकच्या (पहिली ते पाचवी) नेमणुकीला बी.एड. चालतच नाही. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं लक्ष्यही तिसरीपर्यंतचं. पण तिसरीत राहून गेलेलं मूल सहावी-सातवीत येतं ते आमच्याच विद्यार्थिनींसमोर. त्यातून या पट्ट्यात टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत, दगडखाणींवर, बांधकामांवर कामाला आलेली घरं. घरी हिंदी, वडारी, बंजारा बोलणारी मुलं मराठी माध्यमात बसलेली असतात, काही वर्षाच्या मधेच येतात आणि मधेच गावी जातात. त्यांच्यासमोर 'विद्यार्थी उताऱ्याचे आकलनासह प्रकट वाचन करतील' हे उद्दिष्ट लिहून काय उपयोग?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शिक्षक तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने आजूबाजूच्या सरकारी आणि खासगी शाळांचं जाळं धरून त्यांच्याबरोबर काम करावं. पण आपल्याला हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, तो आपलाच ठाणे जिल्हा. मुलं गुरं राखायला रानात जातात म्हणून शाळा रानात गेली आणि शिकवणाऱ्या बायका त्याच मुलांमध्ये वावरून तयार झाल्या. मला ते पुन्हा पुन्हा आठवतं.

आता माझे प्रश्न. चार-पाच मुलांच्या गटाला रोज अर्धा तास वाचायला बसवणं, हे कुणी आंतरवासितेत 'पाठ' म्हणून धरलं आहे का? त्याची नोंद कशी ठेवली? दुसरं, मेंटॉर, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांकडे आमच्या मुलीशी बोलायला वेळच नसतो. वर्गशिक्षक बीएलओच्या (मतदारयाद्यांच्या) कामाला किंवा प्रशिक्षणाला गेले की त्यांची तुकडी आमच्या मुलींवर सोपवली जाते, कधी दोन तुकड्या एकत्र. हे शाळेचं मन न दुखवता कसं मांडायचं? आणि शाळेबरोबरच्या करारात नेमकं काय लिहावं? परवानगी आहे, ती अडचण नाही.

आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद – जुना फळा

ताई, महापालिका शाळेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून. तुमच्या मुख्याध्यापिका बोलल्या हे चांगलं लक्षण समजा. आमच्यातले बहुतेक जण चहा पाजून सही देतात.

करार नंतर करा. आधी वर्गशिक्षकांबरोबर बसा, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नको, वर्गात बसा. त्यांच्याकडे पायाभूत चाचणीचे निकाल असतात, कोणतं मूल कुठे अडतंय हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना यादी मागा. यादी त्यांची, गट तुमचे, एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

बीएलओचं म्हणाल तर जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नेच शिक्षकांवर ठेवलेली आहेत. ती तुम्हा-आम्हाला टळणार नाहीत. म्हणून एका वर्गाला दोन छात्राध्यापिका जोडीने द्या. बाई बाहेर गेल्या तरी एक वर्ग सांभाळेल, दुसरी गट घेईल. दोन तुकड्या एकत्र करू नयेत, हे मात्र लेखी घ्या. आणि संकलित चाचणीच्या आठवड्यात पाठ ठेवू नका, त्या वेळी शाळेला हात हवे असतात. पेपर मांडायला, गुण भरायला मदत करा. त्याची आठवण शाळा ठेवते.

एक मागणं आहे. जाताना पेनं वाटू नका. प्रत्येक मुलाचं एक पान असलेली वही वर्गशिक्षकांच्या हातात द्या: काय येतं, कुठे अडतं, काय केल्यावर सुटलं. पुढच्या वर्षीची मुलगी तीच वही पुढे चालवील.

---

प्रतिसाद – कळवा लोकल

मॅडम, मी बी.एड. करून पाच वर्षं झाली, आता एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला शिकवते. माझ्या आंतरवासितेतलं एकच सांगते. माझ्या मेंटॉर बाईंनी एकदा मला मागे बसवलं आणि म्हणाल्या, "आज माझा तास फसणार आहे, बघ कुठे फसतो ते." खरंच फसला. सुट्टीत आम्ही दोघी अर्धा तास त्यावर बोललो. मला वाटतं मी शिक्षिका त्या दिवशी झाले.

आमच्या प्राध्यापकांना मात्र मी कधी शाळेतल्या मुलांना शिकवताना पाहिलं नाही. ते मागे बसून लिहायचे. राग मानू नका, पण आठवड्यातून एक तास तुम्ही स्वतः घेतलात, मेंटॉर बाई आणि तुमच्या मुली मागे बसल्या, तर मेंटॉरसाठी वेगळा वेळ मागावाच लागणार नाही. त्या तासावरच तिघींचं बोलणं होईल. वाचनगटाची नोंद आम्ही कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातल्या अडचणीवरचा छोटा अभ्यास) म्हणून लावली होती, विद्यार्थीनिहाय आधीचं आणि नंतरचं वाचन लिहून. तुमच्या विभागप्रमुखांना विचारून बघा.

---

धागाकर्तीचं उत्तर

सर, यादी आणि वहीची कल्पना फार मोलाची आहे. जोड्या आजच पाडते. चाचणीच्या आठवड्याचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कळवा लोकल, राग कसला? मी शाळेतली नोकरी सोडून कॉलेजला आले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सातवीचा पूर्ण तास मी घेतलेला नाही. तुमचा प्रतिसाद वाचून मुख्याध्यापिकांना फोन केला आणि विचारलं की बैठक तासभर उशिरा ठेवून आधी मला सातवीचा मराठीचा तास द्याल का? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देते ना, चौथा तास घ्या. मी पण येऊन बसते."

रफाराच्या शब्दांची यादी करतेय. ठाणे ते तुर्भे रोजच्या वाटेवर पाट्यांवर दिसणारे शब्द हवेत: मार्ग, गर्दी, कार्यालय, दुर्घटना. आणखी सुचले तर बुधवार रात्रीपर्यंत इथे लिहा.