पोल डान्स शिकायचा आहे, जळगाव परिसरात मदत हवी आहे

नमस्कार. मी जळगावात राहते, वय 38, नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करण्याची. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला बहिणीकडे गेले असताना तिच्यासोबत आठवडाभर पोल डान्सच्या, म्हणजे धातूच्या उभ्या खांबावर चढून करायच्या नृत्याच्या, वर्गाला गेले आणि तेव्हापासून मन तिथेच अडकले आहे. केवळ मांड्यांच्या पकडीवर जमिनीपासून दोन वीत वर बसता आले, त्या दिवशी मांड्यांवर काळेनिळे डाग पडले होते; पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत कोणत्याच व्यायामाने दिला नव्हता.

जळगाव, भुसावळ किंवा धुळे येथे प्रौढ स्त्रियांना हे शिकवणारे कोणी आहे का? नसल्यास मल्लखांबापासून सुरुवात करावी का? त्या लाकडी खांबाला एरंडेल लावतात, तर पोलच्या धातूवर उघड्या, कोरड्या त्वचेनेच पकड मिळते, हे मला ठाऊक आहे. तरीही खांदे आणि पोट बळकट होण्यासाठी त्याचा उपयोग होईल असे वाटते.

दुसरी अडचण घराची. आमचे घर जुने, धाब्याचे आहे आणि जमीन व छत यांच्यात दाबाने बसवायचा 45 मिलिमीटरचा खांब लाकडी सऱ्यांच्या भरवशावर उभा करणे मला धोक्याचे वाटते. स्वतःच्या बैठकीवर उभा राहणारा खांब कोणी वापरला आहे का? शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात तळहात घामाने निसटतात, तेव्हा चॉक (पकडीसाठी तळहातांना चोळायची पांढरी पूड) पुरतो का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.