क्वेकर मंडळींनी आधी आपल्या मीटिंग हाउसचा माळा बघावा की बँकेच्या दारात बसावं?

नीरव

ब्रिटनमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी २०११ साली कँटरबरीच्या वार्षिक सभेत ३६ क्रमांकाचा ठराव केला. आपण कमी कार्बनवर चालणारा, टिकाऊ समाज व्हायचं, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी केनियात काबाराकला जगभरचे क्वेकर जमले आणि शांततेइतकाच सृष्टीला न्याय देण्याचा आग्रह तिथून निघाला. धागा काढायचं कारण असं की इतक्या वर्षांनंतरही या पंथात एक वाद मिटलेला नाही. स्थानिक पातळीवर नेमकं कुठून सुरू करायचं?

ज्यांना हा पंथ परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सभोवती जमलेली ही मंडळी. ब्रिटनमधल्या त्यांच्या सभांत पगारी पाद्री नसतो. रविवारी 'मीटिंग हाउस' या प्रार्थनागृहात तासभर मौनात बसायचं, कुणाला आतून वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलायची. कामकाजाच्या सभेत मतदान होत नाही. क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा सभासद, सभा चालू असतानाच ठराव लिहितो, वाचून दाखवतो, लोक शब्द बदलायला लावतात आणि सगळ्यांना मान्य झाला की मगच तो ठराव होतो. पटलं नाही तर विषय पुढच्या महिन्यावर.

माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक सभेने, म्हणजे एकेका गावच्या क्वेकर मंडळाने, आधी आपली इमारत हातात घ्यावी. मोर्चाला दोनशे माणसं जमतात आणि संध्याकाळी पांगतात. पण स्वतःच्या छपराचं काम पंचवीस जणांनी एकमताने ठरवलं तर ते दहा वर्षं टिकतं. शिवाय ज्याचा बॉयलर रविवारी पहाटेपासून धडधडतोय त्याने दुसऱ्याला तेलविहिरीबद्दल काय सांगायचं? जॉन वूलमन हा न्यू जर्सीचा क्वेकर १७७२ साली इंग्लंडला आला तेव्हा टपालगाडीच्या घोड्यांचे आणि पोरांचे हाल बघून तो गाडीत बसलाच नाही, यॉर्कपर्यंत चालत गेला. आधी स्वतःचं आचरण, मग उपदेश, ही यांची जुनी रीत.

ताळेबंद

नीरव, वूलमनचं उदाहरण मनाला भिडतं, पण हिशोब करून बघा. गावातल्या छोट्या मीटिंग हाउसमध्ये २४ किलोवॉटचा गॅस बॉयलर पहाटे सहाला लावला आणि साडेअकराला बंद केला, असं धरू. साडेपाच तासांचे १३२ युनिट (किलोवॉट-तास). गॅसच्या एका युनिटमागे साधारण ०.१८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे रविवारी २४ किलो. थंडीचे तीस रविवार धरले तर सव्वासातशे किलोच्या आसपास. लंडन-मुंबई-लंडन विमानाने एकजण जाऊन आला की एक टनाच्या वर जातो. म्हणजे पंचवीस जणांच्या सभेत एकाने एक फेरी वाचवली तर अख्ख्या हिवाळ्याची भरपाई होते. मग माळ्यावर ऊब अडवणारी लोकर पसरण्यात दोन वर्षं सभा का घालवायच्या?

खरा भार पैशाचा आहे. आणि तिथे क्वेकरांची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे, कमी नाही. १७०९ साली कोलब्रुकडेलला दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवणारा अब्राहम डार्बी क्वेकर होता. १८२५ च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेमागे एडवर्ड पीझ हा क्वेकर उभा होता. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची मुळंही क्वेकर कुटुंबांत आहेत. कोळशाचं युग ज्या घरांतून सुरू झालं, त्या घरच्या वारसांनी फक्त खिडक्यांच्या फटी बुजवायच्या?

फिलाडेल्फियात २०१० साली 'अर्थ क्वेकर ॲक्शन टीम' उभी राहिली. डोंगराचा माथा सुरुंगाने उडवून कोळसा काढणाऱ्या कंपन्यांना पीएनसी बँक कर्ज देत होती. या मंडळींनी बँकेच्या शाखांत जाऊन मौनसभा भरवल्या, २०१२ साली फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गच्या मुख्यालयापर्यंत २०० मैल चालत गेले. २०१५ च्या मार्चमध्ये बँकेने त्या कर्जांपासून मागे हटण्याचं धोरण जाहीर केलं. बँक ठरावीक, शाखा ठरावीक, मागणी एकच. हेही स्थानिकच काम आहे.

चुनेगच्ची

दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट राहतेय. 'इमारत हातात घ्यावी' हे म्हणायला सोपं, पण चुकीच्या पद्धतीने घेतली तर कार्बनही वाचत नाही आणि तीनशे वर्षांची भिंतही जाते.

आकडे मांडतो. खोली १० मीटर × ८ मीटर, उंची साडेचार. अर्धा मीटर जाडीच्या दगडी भिंती, चुन्यात बांधलेल्या. बाहेर ४ अंश, आत १८ हवेत. भिंतींतून साधारण ३.४ किलोवॉट जातात, उघड्या छतातून २.२, एकेरी काचेतून १.२ आणि दारं-खिडक्या-फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्यामुळे अडीच. जमीन सोडून एकूण ९.३. आता माळ्यावर २७० मिलिमीटर लोकर घातली की छताचे २.२ घसरून ०.२ होतात. फटी निम्म्या बुजवल्या की वाऱ्याचे अडीचचे सव्वा. दगडाला हातही न लावता ९.३ चे ६ झाले. म्हणून माळा आणि फटी आधी. त्यातही माळा करताना तीन चुका नेहमी होतात.

एक, लोकर थेट वळचणीपर्यंत ठासतात. वळचणीला ५० मिलिमीटर हवेची वाट मोकळी सोडायची, नाहीतर वरच्या थंड झालेल्या पोकळीत स्लेटच्या खालच्या अंगाला दव धरतं आणि वासे कुजतात. दोन, लोकरीचा पहिला थर १०० चा तुळयांच्या मध्ये आणि दुसरा १७० चा आडवा. एकाच दिशेने दोन्ही घातले तर तुळईवरून थंडी उतरते. तीन, विजेच्या जुन्या तारा लोकरीखाली गाडतात. त्या तापतात, त्यांची क्षमता घटते. वर उचलून घ्यायच्या. आणि काम सुरू करण्याआधी माळ्यावर वटवाघळं आहेत का ते बघायचं. ब्रिटनमध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. विष्ठा दिसली की हत्यार खाली ठेवून तज्ज्ञाला बोलवायचं.

भिंतीबद्दल एकच सांगतो. आतून फॉइलचा फोम आणि जिप्समचा बोर्ड ठोकू नका. मौनात बसलेला माणूस तासाला ४०-५० ग्रॅम पाणी श्वास-घामातून सोडतो. पंचवीस माणसं म्हणजे सव्वा लिटर. ते पाणी बोर्डाच्या फटीतून मागे जाऊन थंड दगडावर बसतं, चुन्याच्या भिंतीत सुकायला वाट उरत नाही आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोकं आधी जातात. बाहेरून सिमेंटचे सांधे भरले असतील तर दुप्पट नुकसान. करायचंच असेल तर चुन्याच्या गिलाव्यावर ४० ते ६० मिलिमीटरचे लाकडी तंतूंचे बोर्ड आणि वर पुन्हा चुना. चुन्याचं काम थंडीत नको, ५ अंशाखाली तो धरत नाही आणि दंव पडलं तर भुगा होतो.

अजून एक. चर्च ऑफ इंग्लंड, कॅथलिक, मेथडिस्ट वगैरेंना संरक्षित वास्तूंच्या परवानगीतून पंथांतर्गत सूट आहे. क्वेकरांना नाही. लिस्टेड, म्हणजे संरक्षित यादीतल्या, इमारतीच्या रूपाला धक्का लावणारं काम, मग ते आतलं असो, नगरपालिकेच्या परवानगीशिवाय केलं तर इंग्लंडमध्ये तो गुन्हा आहे. क्लार्कने ठराव लिहिण्याआधी संवर्धन अधिकाऱ्याला गाठावं.

नीरव

चुनेगच्ची, मनापासून आभार. ताळेबंद, विमानाचा हिशोब मान्य. पण पंचवीस जणांत एकाने फेरी टाळायची कशाच्या जोरावर? त्याच सभेत बसून, त्याच पद्धतीने बोलून. इमारत हा सराव आहे. आणि हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेने आत ओढणारं यंत्र, लावला की तो आकडाही सव्वासातशेवर राहत नाही, बरोबर ना?

निशिगंधा_ले

हीट पंपाबद्दल घाई नको. आठवड्यातून एकदा तासभर वापरायच्या खोलीला तो बहुतेक वेळा चुकीचा इलाज आहे.

जुने रेडिएटर ७०-७५ अंशाच्या पाण्यासाठी बसवलेले असतात. हीट पंप ४५ ला चालवला तर त्याच रेडिएटरमधून एक तृतीयांशच उष्णता निघते, म्हणजे ते अडीच-तीन पट मोठे हवेत. बॉयलरचं पाणी २० अंशांनी थंड होऊन परतावं असं धरतात, हीट पंपाचं ५ अंशांनी. तीच ८ किलोवॉट उष्णता न्यायला बॉयलरला मिनिटाला सहा लिटर पुरतात, हीट पंपाला तेवीस. ८-१० मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्या असतील तर पंप नुसता घुरघुरतो. नळ्या बदलणं म्हणजे जुन्या फळ्या उखडणं, म्हणजे पुन्हा परवानगी.

आणि मूळ अडचण दगडाची. चुनेगच्चींच्याच खोलीचा हिशोब पुढे नेते. त्या भिंतींत ७० घनमीटरच्या वर दगड आहे. सगळा एक अंशाने तापवायला ३८-३९ युनिट लागतात. एका अंशाला! पहाटे सहाला लावलेला बॉयलर पंचवीस माणसांना कमी आणि दगडाला जास्त ऊब देतो, आणि सभा संपल्यावर दगड ती ऊब रिकाम्या खोलीत सोडत बसतो.

म्हणून हवा नको, माणूस तापवा. बाकावर ४० वॉटची गरम गादी, पंचवीस गाद्या म्हणजे एक किलोवॉट. अर्धा तास आधी लावल्या तर रविवारी दीड युनिट वीज. १३२ युनिट गॅसच्या जागी. बाकांखालून तारा नेताना त्या पायात येणार नाहीत अशा पट्टीत घ्यायच्या आणि त्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचं आरसीडी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी कळ, असलंच पाहिजे.

जिथे इमारत आठवडाभर भाड्याने जाते, पाळणाघर, योगवर्ग, गाण्याचा क्लास, तिथे माझं मत उलटं. तिथे दगड कायम कोमट राहतो आणि हीट पंप शोभतो. वापर किती तास, हे विचारल्याशिवाय यंत्र निवडूच नये.

चुनेगच्ची

गाद्यांवर माझा आक्षेप आहे, आणि तो भिंतीचा नाही. या सभांत सत्तरी ओलांडलेली माणसं बरीच असतात. ८ अंशाच्या हवेत तासभर श्वास घेणं दम्याच्या माणसाला झेपत नाही, गादी कितीही गरम असो. समता हे क्वेकरांच्या मूळ साक्षींपैकी (टेस्टिमनी, म्हणजे आचरणातून जपायची मूल्यं) एक. धडधाकट माणसालाच बसता येईल अशी सभा ही कमी कार्बनची झाली तरी क्वेकर राहत नाही. हवा निदान १४-१५ वर आणायला हवी, गादी त्यावर.

निशिगंधा_ले

हे मान्य. मग छताला इन्फ्रारेडचे पॅनेल, माणसांच्या डोक्यावर थेट नकोत, थोडे तिरके, आणि मागच्या छोट्या खोलीत थंडीचे तीन महिने सभा. बहुतेक मीटिंग हाउसात अशी समितीची खोली असतेच. २५ चौरस मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली तापवायला मोठ्या खोलीच्या पाव भागाहून कमी लागतं. तरी काही सभा मोठी खोली सोडायला तयार होत नाहीत. तिथे वाद तांत्रिक नसतो, ज्या जागी आजी-आजोबा बसले ती जागा सोडायची का, असा असतो. क्लार्कने त्याला वेळ द्यावा.

वर्धेकर

चर्चा इंग्लंडच्या दगडात अडकलीय म्हणून आपल्याकडचं एक टोक जोडतो. मार्जोरी साइक्स या क्वेकर बाई सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाच्या कामात होत्या. नंतर त्यांचा संबंध मध्य प्रदेशात होशंगाबादजवळच्या (आता नर्मदापुरम) रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरशी आला. ते केंद्र क्वेकरांचं. १९७२ चा होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम किशोर भारती ही संस्था आणि या केंद्राने मिळून सुरू केला. पुढे तिथे प्रताप अगरवाल यांनी नांगरट बंद करून ऋषी खेती केली. बी फेकायचं, पिकाचा पेंढा जमिनीवरच अंथरायचा, आग लावायची नाही. तोवर 'कार्बन' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

त्याच जिल्ह्यात तवा धरणाचं पाणी आलं आणि काळी भारी जमीन चिबडायला लागली. निचरा न बघता पाटाचं पाणी सोडलं की असंच होतं, आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात हे रोज दिसतं. १९७७ ला तिथे मिट्टी बचाओ आंदोलन उभं राहिलं, बनवारीलाल चौधरींच्या पुढाकाराने. शेत सुधारणं आणि सरकारला जाब विचारणं, दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच काळात. नीरव आणि ताळेबंद यांनी 'आधी कोणतं' असं का धरलंय ते मला कळत नाही.

ताळेबंद

कारण माणसं तीच आणि संध्याकाळी मोजक्या, वर्धेकर. वीस-पंचवीस जणांच्या सभेत समितीवर काम करणारे पाच-सहाच असतात. तेच परवानगीचे अर्ज भरतात, तेच बँकेला पत्र लिहितात. त्यामुळे क्रम ठरवावाच लागतो.

माझ्या बाजूची एक दुबळी जागा मीच सांगतो. ब्रिटनच्या क्वेकरांनी २०१३ साली जीवाश्म इंधनांतून आपली गुंतवणूक काढली, तिथल्या ख्रिस्ती पंथांमध्ये सगळ्यांत आधी. पण शेअर विकला की दुसरा कुणी तो घेतो, कंपनीचा पैसा घटत नाही. पीएनसीच्या वेळी दबाव कर्जावर होता. कर्ज थांबलं तर खाण अडते. म्हणून सभेच्या पैशांबाबत पहिला प्रश्न 'आपले शेअर कुठे आहेत' हा नाही. 'आपलं चालू खातं कोणत्या बँकेत आहे आणि ती कुणाला नवं कर्ज देते' हा आहे. खातं बहुधा एरिया मीटिंगच्या, म्हणजे आसपासच्या सभांच्या एकत्रित मंडळाच्या, विश्वस्तांच्या नावावर असतं, स्थानिक सभेच्या नाही. ठराव करून तिकडे पाठवावा लागतो, सह्या बदलायला दोन-तीन महिने जातात, थेट जमा होणाऱ्या वर्गण्यांचे आदेश प्रत्येक सभासदाला नव्याने द्यावे लागतात. तेवढ्यात चारजण विसरतात. जुनं खातं निदान सहा महिने उघडं ठेवा.

नीरव

सहा महिन्यांची सूचना लिहून घेतली. क्रमाबद्दल अजूनही माझं मत बदललेलं नाही, पण माळ्याच्या कामाला दोन वर्षं नव्हे, एक उन्हाळा पुरतो हे चुनेगच्चींच्या यादीवरून दिसतं. तो उन्हाळा इमारतीला द्या, हिवाळा बँकेला.

ताळेबंद

बँकांच्या वार्षिक सभा हिवाळ्यात नसतात, एप्रिल-मेच्या सुमाराला होतात. शेअरधारक म्हणून प्रश्न विचारायचा तर तयारी फेब्रुवारीत हवी. तुमचा क्रम इथेच अडतो.

चुनेगच्ची

तोवर एक काम दोन्ही बाजूंनी करता येईल, आणि त्याला ना परवानगी लागते ना पैसा. येत्या रविवारपासून गॅसचा मीटर सभेच्या आधी आणि नंतर वाचा. सोबत आतलं आणि बाहेरचं तापमान, आणि किती माणसं होती. वहीत पाच रकाने. मीटर घनमीटरमध्ये असेल तर ११.२ ने गुणा म्हणजे साधारण युनिट मिळतात, जुना घनफुटांचा असेल तर शंभर घनफुटांमागे ३१-३२ युनिट. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढंच केलं तरी वसंतात क्लार्कपुढे ठेवायला आपल्या इमारतीचा आकडा असेल, माझ्या कागदावरच्या खोलीचा नाही.