डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) ठेवायचाच का? (तातडीने मदत हवी, बिलिंग बंद आहे)

घाऊकवाला (दुपारी ४:५०)
नमस्कार मंडळी. सांगलीत औषधांची होलसेल एजन्सी आहे. तीन वाजल्यापासून बिल सेव्ह होईना. डेटाबेस फुल झालाय म्हणे, पण डिस्कवर ३०० जीबी रिकामी दिसतेय! सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही. शेठ म्हणतात, कायमचा डीबीएच ठेवू. पगार किती पडेल? आणि आमच्यासारख्यांना खरंच लागतो का? लवकर सांगा, डिलिव्हरीची पोरं पायरीवर बसून आहेत.

कीबोर्डकर
डेटाबेस कोणता? मेसेज नेमका काय येतो? मशीन किती? काहीच न सांगता पगार विचारताय.

लिनक्सप्रेमी
विंडोज असणार, पैज लावतो. पोस्टग्रेस डेटाबेसवर या. फुकट आहे, कटकट नाही. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोबसुद्धा मी त्यावरच ठेवलाय.

कीबोर्डकर
अहो, त्यांचा नळ तुंबलाय आणि तुम्ही घर बदलायला सांगताय.

घाऊकवाला
डेटाबेस कुठला ते माहीत नाही ओ, मी अकाउंट्स बघतो. पाच मशीन आहेत. लाल अक्षरांत येतंय, शेवटी 'प्रायमरी फाइलग्रुप इज फुल', नंबर ११०५.

निवृत्त_डीबीए
११०५ म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस. आणि डिस्क रिकामी असताना येतोय म्हणजे बहुतेक फुकटची एक्सप्रेस आवृत्ती. तिच्या २०२२पर्यंतच्या व्हर्जनना एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा असते, डिस्क कितीही मोठी घ्या. व्हर्जन कुठलं? बॅकअप कधीचा आहे? या दोन्हीची उत्तरं येईपर्यंत काहीही डिलीट करू नका.

घाऊकवाला
२०१४ एक्सप्रेस लिहिलंय. बॅकअप आहे ना, पेनड्राइव्हवर, शेठच्या ड्रॉवरमध्ये. दिवाळीतला.

मीच_तो
२०१४चा सपोर्ट जुलै २०२४ मध्येच संपला. तूर्तास २०१८च्या आधीची बिलं उडवा आणि डेटाबेस श्रिंक करा, म्हणजे फाइल दाबून लहान करा. पाच मिनिटांचं काम.

आकडेमोड
बिलं उडवायच्या आधी सीएला विचारा! जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. केस चालू असेल तर आणखी. जाता जाता, वार्षिक रिटर्न भरलंय ना?

निवृत्त_डीबीए
श्रिंक तर मुळीच नको. डिलीट केलेली जागा फाइलच्या आतच मोकळी होते आणि नव्या बिलांना तीच वापरली जाते. श्रिंक केलं की इंडेक्स (डेटा शोधायच्या सूच्या) विस्कटतात, फाइल पुन्हा फुगते.

मीच_तो
मी दहा वर्षं श्रिंक करतोय, काही झालं नाही.

निवृत्त_डीबीए
बरं. घाऊकवाले, मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम) डेटाबेसवर राइट क्लिक करा, रिपोर्ट्समध्ये 'डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स' बघा. सगळ्यात वरचं टेबल कुठलं?

घाऊकवाला
'स्कॅन'. ६.८ जीबी. अरे हो, कंपन्यांची खरेदी बिलं आम्ही स्कॅन करून चढवतो.

निवृत्त_डीबीए
सापडलं. आता क्रमाने करा. पाचही मशीनवर सॉफ्टवेअर बंद. ताजा बॅकअप घ्या. तो त्याच सर्व्हरवर वेगळ्या नावाने, वेगळ्या फाइल्सवर रिस्टोअर करा, म्हणजे परत चढवा. मर्यादा डेटाबेसमागे आहे, त्यामुळे चालतं. एका दगडात दोन पक्षी: जुने स्कॅन जपले जातात आणि बॅकअप परत चढतो हेही कळतं. त्यात चार स्कॅन उघडून बघा. मगच मूळ डेटाबेसमधले दोन वर्षांपूर्वीचे स्कॅन काढा, एकदम नाही, हजार-हजारच्या तुकड्यांत. बिलांच्या टेबलांना हात लावू नका.

कीबोर्डकर
आता मूळ प्रश्न. पाच मशीनना पूर्णवेळ डीबीए म्हणजे दोन खोल्यांना वॉचमन. क्लाउडवर टाका, बॅकअप तेच घेतात.

निवृत्त_डीबीए
तेच घेतात, पण परत चढवून कोण बघतं? प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं आठवा. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्याच इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर सुमारे ३०० जीबी डेटा उडवला. तिथे तर तज्ज्ञांची फौज होती. बॅकअपचे पाच मार्ग होते, वेळेला एकही उपयोगी पडला नाही. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी कुणीतरी हाताने काढलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. या एजन्सीला पूर्णवेळ माणूस नकोच. महिन्यातून दोन तास येऊन बॅकअप रिस्टोअर करून फाइलचा आकार वहीत लिहिणारा हवा. शिवाय एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा भाग) नसतो, रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावा लागतो. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने लावलाय का?

लिनक्सप्रेमी
पोस्टग्रेसला ही भानगडच नाही. क्रॉनमध्ये (लिनक्सचा टास्क शेड्युलर) एक ओळ टाकली की झालं.

कीबोर्डकर
आणि ती ओळ बंद पडली की कळतं कोणाला?

घाऊकवाला (रात्री ८:४०)
झालं!! रिस्टोअरला पहिल्यांदा एरर आली, नाव बदललं होतं पण फाइल्स त्याच राहिल्या होत्या. नंतर चढलं. जुने स्कॅन उघडतायत. ८:१५ला पहिलं बिल सेव्ह झालं, पोरं आत्ता गाड्या घेऊन गेली. टास्क शेड्युलरमध्ये बघितलं, काहीच लावलेलं नाही. निवृत्तकाका, तुमचे उपकार. शेठना महिन्याच्या दोन तासांचं सांगितलं, तर म्हणतात, "आता चालू झालं ना? मग कशाला माणूस?"

निवृत्त_डीबीए
शेठना तो पेनड्राइव्ह मशीनला लावून उघडायला सांगा. आत्ता, तुमच्यासमोर.

घाऊकवाला
'फॉरमॅट करायचा का?' असं विचारतोय.

आकडेमोड
नो म्हणा, नो!

मिरजकर_मामा
माझा भाचा बीसीए झालाय, मिरजेतच असतो. पगाराचं काय ठरलं?